काचेचे भांडे घ्यावे की स्टीलचे?



परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी गावाहून एका उपासिका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी पुण्यात नोकरी करते. कंपनीत काम करता करता तिला कॉफीची सवय लागली. बुद्धपौर्णिमेला घरी येताना ती 'फ्रेंच प्रेस' नावाचे कॉफीचे भांडे आणणार आहे. ते काचेचेही मिळते आणि स्टीलचेही. भगिनी लिहितात, "हे म्हणतात स्टीलचे आण, काच फुटेल. मुलगी म्हणते काचेत कॉफी दिसते आणि चवही चांगली लागते. मला यातले काही कळत नाही. आणखी एक विचारायचे आहे. आमच्या महिला मंडळाला विहारासाठी चहाचे पेले घ्यायचे आहेत. तिथेही काच की स्टील हाच वाद चालू आहे. तुमचे मत कळवा."

दोन्ही प्रश्न घरोघरचे आहेत, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत. आधी कॉफीचे भांडे पाहू, मग विहाराच्या पेल्यांकडे वळू.

हे भांडे आहे तरी काय?

नाव फ्रेंच असले तरी काम आपल्या चहाच्या गाळणीचेच आहे. उंच सरळ भांडे, त्यावर झाकण, झाकणातून खाली जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला भांड्यात घट्ट बसणारी बारीक जाळी. भांड्यात कॉफीची भरड टाकायची, वरून गरम पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे आणि दांडा हळूहळू खाली दाबायचा. चोथा तळाशी दबून राहतो आणि वरची कॉफी कपात ओतता येते. १९२९ साली इटलीच्या अत्तिलिओ कालिमानी याने अशा भांड्याचे पेटंट घेतले होते.

यासाठी कॉफी जाडसर रव्यासारखी दळलेली लागते. दुकानात बाटलीत मिळणारी, पाण्यात विरघळणारी कॉफी यात घालण्यात अर्थ नाही. ती कपातच ढवळून होते. फार बारीक दळलेली पूड जाळीतून खाली-वर जाते आणि घोटाबरोबर तोंडात येते. एका कपाला, म्हणजे दीडशे मिलिलिटर पाण्याला, दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट भरलेले दोन मोठे चमचे पूड पुरते. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे, मग ओतावे. दूध हवे असेल तर वेगळे तापवून कपात घालावे. हे भांडे, काचेचे असो वा स्टीलचे, गॅसवर किंवा चुलीवर कधीही ठेवू नये.

ज्यांना हे भांडे परवडत नाही त्यांनी मन छोटे करू नये. पातेल्यात गरम पाणी घ्या, त्यात कॉफीची भरड टाका, चार मिनिटे झाकून ठेवा आणि स्वच्छ फडक्यातून गाळा. कॉफी जवळजवळ तशीच होते. हप्त्यावर घ्यावी अशी ही वस्तू नव्हे.

काचेची बाजू

काच गरम पाण्याने का तडकते हे आपल्या आई-आजीला शाळेत न जाताही ठाऊक होते. घरात कंदील असायचा. ओगलेवाडीच्या कारखान्याचे 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रभर गेले होते. पेटत्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला की काच तडकलीच म्हणून समजा. कारण सोपे आहे. थेंब पडला तिथली काच एकदम थंड होऊन आकसते, बाजूची तापलेली काच फुगलेलीच राहते. या ओढाताणीत तडा जातो.

हा दोष कमी करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ओटो शॉट याने काचेत बोरॉन मिसळून नवी काच केली. तिला बोरोसिलिकेट म्हणतात. ती तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून उकळते पाणी सोसते. प्रयोगशाळेतील चंचुपात्रे याच काचेची असतात. कॉफीचे भांडे काचेचे घ्यायचे असेल तर खोक्यावर 'बोरोसिलिकेट' असे लिहिलेले आहे ना, हे पाहूनच घ्यावे.

काचेचे गुण खरे आहेत. आत काय आहे ते दिसते. कोपऱ्यात चोथा राहिला, डाग राहिला, तर लपत नाही. काचेला वास धरत नाही. किंमतही बहुधा स्टीलपेक्षा कमी असते. दोषही खरे आहेत. उष्णता सोसणारी काच आपटल्यावर मात्र साध्या काचेसारखीच फुटते. गरम भांडे ओल्या, थंड फरशीवर टेकवले तर तडा जाण्याची भीती राहते. लोखंडी चमच्याने ढवळून ओरखडे पडले की तिथून ती कमजोर होते. म्हणून लाकडी चमचा वापरावा. दांडा अडला तर जोर लावू नये. काच फुटून उकळते पाणी अंगावर येते. एकदा बारीकसा तडा दिसला की ते भांडे बाजूला काढावे, चार दिवस आणखी चालेल म्हणून वापरू नये. फुटलेली काच तेवढी बदलून मिळते, पण खेड्यात ती मागवावी लागते. शिवाय एका पदराच्या काचेत कॉफी लवकर निवते.

स्टीलची बाजू

आपल्या घरात स्टील आले त्याआधी पितळ आणि तांबे होते, आणि गरिबाघरी जर्मनची भांडी होती. पितळेला कल्हई लावावी लागे, नाहीतर आंबट पदार्थ कळकत. स्टीलने बायकांची ती दगदग संपवली. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली याने लोखंडात क्रोमियम मिसळून हे गंज न चढणारे पोलाद केले. क्रोमियममुळे भांड्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. तो खरवडला तरी हवेने पुन्हा धरतो, म्हणून स्टील वर्षानुवर्षे टिकते.

परंतु स्टीलमध्येही प्रकार आहेत. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलवर '१८/८' किंवा '३०४' असा आकडा असतो. खाण्यापिण्याच्या भांड्यांना ते उत्तम. '२०२' प्रकारात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते, पण मीठ आणि आंबट यांनी त्यावर लवकर डाग पडतात. पुष्कळ जण लोहचुंबक लावून पाहतात. चुंबक चिकटला तर ते निकेल नसलेले स्टील असावे एवढे कळते. पण न चिकटला म्हणून ते '३०४' असेलच असे नाही, कारण '२०२'लाही चुंबक चिकटत नाही. तेव्हा भांड्यावरचा छाप वाचावा. २०२४ साली केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला, म्हणून भांडी घेताना ते चिन्हही शोधावे आणि पक्की पावती घ्यावी.

कॉफीसाठीचे चांगले स्टीलचे भांडे दुहेरी भिंतीचे असते. दोन भिंतींच्या मध्ये पोकळी असल्याने आतली ऊब बाहेर जात नाही आणि बाहेरून हात पोळत नाही. थर्मासचे तत्त्व तेच. एकेरी भिंतीचे स्टील मात्र काचेहून अधिक पोळते, हे ज्याने स्टीलच्या पेल्यात गरम चहा घेतला आहे त्याला सांगायला नको. स्टीलचा दोष एवढाच की आत किती उरले आणि नीट धुतले गेले की नाही ते दिसत नाही. तळ आणि जाळी रोज सुटी करून घासावी लागते.

बोअरचे पाणी जड असेल तर दोन्ही भांड्यांवर पांढरट क्षार बसतो. गरम पाण्यात लिंबू पिळून किंवा थोडा व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवले की तो निघतो. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने काच घासू नये.

तर मग काय घ्यावे?

चवीबाबत मुलीचे म्हणणे आम्हाला पटत नाही. चांगली काच आणि चांगले स्टील, दोन्ही कॉफीत काही सोडत नाहीत. चव बिघडते ती चोथ्यावर कॉफी तशीच ठेवल्याने आणि जाळीत अडकलेल्या जुन्या तेलकट पुडीने. कॉफी झाली की लगेच कपांत ओतावी.

वडिलांचे म्हणणे मात्र बरोबर आहे. घरात लहान मुले आहेत, ओट्यापेक्षा जमिनीवरच जास्त स्वयंपाक होतो, कोणी पहाटे शेतावर जातो तर कोणी नंतर उठतो, अशा घरी दुहेरी भिंतीचे स्टीलच घ्यावे. थोडे महाग पडते, पण एकदाच पडते. दोघे-तिघेच असतील, सावकाश बसून पिणारे असतील, हाताळणी जपून होत असेल, तर काचेचे खुशाल घ्यावे. झरीच्या भगिनींना आमचा सल्ला स्टीलचा.

प्रकृतीसंबंधी दोन शब्द. जाळीतून गाळलेल्या कॉफीत बियांमधले तेल राहते आणि ते रोज जास्त पोटात गेले तर रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी कागदी गाळणीतून गाळून घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावे. जेवणाबरोबर घेतलेला चहा किंवा कॉफी अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. आपल्या भगिनींमध्ये पंडुरोग फार आहे. म्हणून जेवण आणि चहा-कॉफी यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

आता पेल्यांकडे

विहारातील पेल्यांचा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. पण आपल्या समाजाला पेल्याकडे नुसत्या टिकाऊपणाच्या नजरेने पाहता येत नाही. या देशात कपबशीला जात होती.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा ठेवण्यात आला. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. ख्रिस्ती माणसांच्या घरचा चहा घेतला म्हणून गावात केवढे वादळ उठले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. एवढ्या मोठ्या विद्वानांना एका कपाने धर्मभ्रष्ट ठरवले, तिथे आपल्या माणसाची काय कथा?

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची कथा आपल्या प्रत्येक घरात मुलांना सांगितली पाहिजे. ते संस्थानच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना चहाचे हॉटेल घालण्यास मदत केली. 'सत्यसुधारक' हे त्या हॉटेलचे नाव. अस्पृश्याच्या हॉटेलात चहाला कोण येणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवीत, आपण पीत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजीत. राजाने कायदा करून जे साधले नसते, ते चहाच्या एका कपाने साधले.

२० मार्च १९२७ रोजी महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. तिथे ना काचेचे भांडे होते ना धातूचे. प्रश्न तहानेचा नव्हता, सर्वांसारखे माणूस म्हणून वागण्याचा होता.

त्यानंतरही गावोगावच्या हॉटेलांत आपल्यासाठी कपबशा वेगळ्याच राहिल्या. मराठवाड्यातील जुन्या माणसांना विचारा. फुटक्या कानाचा कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असे, चहा वरून ओतला जाई आणि पिऊन झाल्यावर आपला कप आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवावा लागे. तामिळनाडूत तर या चालीला 'दोन पेल्यांची पद्धत' असेच नाव पडले. तिथल्या कित्येक चहाच्या दुकानांत सवर्णांना स्टीलचा पेला आणि दलितांना काचेचा. म्हणजे आज ज्याला आपण निव्वळ सोयीचा प्रश्न समजतो, तो काच की स्टील हा भेद तिथे माणसाची जात दाखवण्यासाठी वापरला गेला. पेला आपण निवडत नव्हतो. तो आपल्यासाठी दुसऱ्याने निवडून ठेवलेला असे.

घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १५ ने दुकाने, हॉटेले, पाणवठे सर्वांना खुले केले. १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ साली तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव देण्यात आले. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. देशाच्या कायद्यात भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून हा रोग किती खोल होता ते कळते. कोठे वेगळा कप पुढे आला तर मुकाट्याने पिऊन उठू नये. साक्षीदार धरून पोलिसांत तक्रार नोंदवावी.

हल्ली कागदी कप आले आहेत. सर्वांना तेच दिले जात असतील तर तक्रार नाही. पण घरच्यांना कपबशी आणि आपला माणूस आला की कागदी कप, असे दिसले तर तो जुना कोनाडाच समजावा.

आपले घर, आपला विहार

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे शिकली, नोकरीला लागली, चार चांगल्या वस्तू घरात आल्या. साहेब आला की काचेचा नवा सेट निघतो. कचरा नेणारी बाई, गटार साफ करणारा भाऊ किंवा आपल्याहून खालचा मानलेल्या जातीचा माणूस दारात आला की त्याला कोणता कप देतो? पोचा पडलेला स्टीलचा पेला त्याच्यासाठी बाजूला ठेवलेला नाही ना? सर्वांचा चहा झाल्यावर तळाशी उरलेला घोटभर चहा सुनेच्या वाट्याला येत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात शोधावीत.

भगवान बुद्धांनी भिक्खूंच्या पात्राविषयीही नियम घालून दिला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात तो आहे. काही भिक्खू सोन्यारुप्याची पात्रे वापरू लागले तेव्हा लोक नावे ठेवू लागले. भगवंतांनी सोने, चांदी, रत्ने, स्फटिक, कासे, तांबे आणि काच यांची पात्रे मना केली. फक्त लोखंडाचे आणि मातीचे पात्र ठेवले. राजघराण्यातून आलेल्या भिक्खूच्या हातीही तेच, न्हाव्याच्या कुळातून आलेल्या उपालीच्या हातीही तेच. गृहस्थाला काच वर्ज्य नाही, पण त्या नियमातले तत्त्व आपल्यालाही घेता येते. भांडे साधे असावे आणि सर्वांचे सारखे असावे.

म्हणून विहारासाठी आमचा सल्ला असा. चहाचे पेले स्टीलचे घ्यावेत. गर्दीत, मुलाबाळांत काच टिकत नाही आणि फुटलेली काच अनवाणी पायांना लागते. शक्य तर दुहेरी भिंतीचे घ्यावेत. तेवढे पैसे नसतील तर काठ वळवलेले साधे पेले घ्यावेत आणि अर्ध्याहून थोडे वरपर्यंतच भरावेत, म्हणजे काठ धरून पिता येते. सगळे पेले एकाच आकाराचे, एकाच घडणीचे असावेत. पाहुण्यांसाठी म्हणून चार भारी कप वेगळे घेऊ नयेत. पेल्यावर देणगीदाराचे नाव कोरू नये, विहाराचे कोरावे. मोजून घ्यावेत, मोजून ठेवावेत. आणि धुण्याची पाळी लावावी. त्या पाळीत पुरुषांची नावेही असावीत; वंदना सर्वांनी म्हणायची आणि पेले फक्त बायांनी घासायचे, हे समतेत बसत नाही.

झरीच्या मुलीने आपल्या कमाईचे भांडे जरूर आणावे. पहिली कॉफी करील तेव्हा आईला आधी द्यावी आणि दारात जो कोणी असेल त्यालाही घरातल्याच कपातून द्यावी.

आपले प्रश्न आम्हाला अवश्य कळवा.

जयभीम! नमो बुद्धाय!